मागच्या टेबलाचा हिशेब

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. दुकानाच्या मागच्या भागातलं ते मोठं टेबल काढून तिथे मांडणी लावली तर बराच माल बसेल, असं तुमचं म्हणणं. रास्त आहे. भाडं सगळ्या जागेचं भरावं लागतं आणि त्या टेबलावर एकही बिल फाटत नाही. तरीही ते टेबल मी काढणार नाही. का, ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मालाचं बोलू, कारण तुमचा प्रश्न तिथून आला आहे. जलरंगांच्या एका चांगल्या मालिकेत ऐंशी-शंभर छटा असतात आणि त्यातल्या दहा-बारा सारख्या हलतात. तैलरंगात आणि ॲक्रिलिकमध्ये पांढऱ्याचा खप सगळ्यात जास्त, कारण तो जवळपास प्रत्येक मिश्रणात पडतो. कोबाल्ट व्हायोलेटची ट्यूब मात्र महिनोन्‌महिने जागची हलत नाही. त्यात ती महागही. सिएना, अंबर, ऑकर हे मातीचे रंग स्वस्त. कोबाल्ट, कॅडमियम महाग. ट्यूबवर मालिकेचा जो क्रमांक छापलेला असतो तो याच किमतीच्या पायऱ्या दाखवतो. म्हणजे भांडवल अडकतं ते नेमकं न खपणाऱ्या, महागड्या रंगांत. मग ते ठेवूच नयेत? ठेवले नाहीत तर कोबाल्ट व्हायोलेट मागायला आलेला चित्रकार पुन्हा फिरकत नाही, आणि पांढऱ्याच्या मोठ्या ट्यूब घेऊन जाणाराही तोच असतो. चित्रसाहित्याच्या दुकानात पडून राहिलेला माल आणि फिरणारा माल असे वेगळे काढताच येत नाहीत. एकाच्या भरवशावर दुसरा चालतो.

कागदाचं तर आणखी नाजूक. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तशाच दुसऱ्या द्रव्याची खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग वर थांबतो, आत झिरपत नाही. दमट हवेत कागद फार दिवस राहिला की ही खळ जागोजागी मरते. बाहेरून काही दिसत नाही. रंग लावल्यावर मात्र डाग पडल्यासारखा तो तिथे शोषला जातो. म्हणून जास्त मांडणी म्हणजे जास्त कमाई हे गणित कागदाला लागू पडत नाही. कागद थोडा आणावा, लवकर विकावा, पुन्हा आणावा.

आता टेबल. त्यावर कापून उरलेल्या कागदांचे तुकडे असतात, उघडलेल्या ट्यूब असतात, पाण्याचे डबे, जुने ब्रश. कुणीही यावं आणि घेण्याआधी लावून बघावं. हे मी फुकट देते असं तुम्हाला वाटतं, पण माझा धंदा खरा तिथेच होतो. लोक फोनवर रंग मागवतात, तिथे ते माझ्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि त्या भावाशी मला बरोबरी करता येणार नाही. मोठ्या विक्रेत्याला घाऊक सवलत मिळते ती छोट्या दुकानाला मिळत नाही. पण पडद्यावर अल्ट्रामरीनही निळा दिसतो आणि थॅलोही निळाच. कागदावर ओल्या रंगात बघा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आकाशाला एक दाणेदारपणा येतो. थॅलोचे कण अतिशय बारीक, ते कागदात मुरतात; वाळल्यावर ओल्या ब्रशने उचलायला गेलं तर डाग मागे राहतोच. एकाने चुकलेलं बऱ्यापैकी पुसता येतं, दुसऱ्याने नाही. नव्याने शिकणाऱ्याला हा फरक शब्दांत कितीही सांगा, पटत नाही. टेबलावर दोन फटकारे मारले की पटतो, आणि मग तो माणूस पुढच्या वेळी निळा घ्यायला इथेच येतो, कारण कुठला निळा हे आता त्याला विचारायचं असतं.

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत असतो. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, टायटॅनियम पांढरा म्हणजे पीडब्ल्यू ६. नावं कंपनीगणिक बदलतात, संकेत बदलत नाही. ‘कॅडमियम रेड ह्यू’ लिहिलेल्या ट्यूबमध्ये कॅडमियम नसतं, त्या छटेशी जुळणारं दुसरं काहीतरी असतं. त्यात फसवणूक नाही, विद्यार्थ्यांसाठी तो स्वस्त पर्याय चांगलाच आहे, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं. हे वाचायला शिकवणं मला माझं काम वाटतं. यातून कधीकधी मी महागड्या ट्यूबऐवजी स्वस्त ट्यूब विकते, बाबा. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आठवड्यातून एका संध्याकाळी त्या टेबलाभोवती मंडळी जमतात. मी बोलावून सुरू झालेलं नाही ते. दोघं-तिघं नमुन्याचे कागद रंगवत बसले, गप्पा लांबल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला पुन्हा आले. आता एक निवृत्त अभियंता येतात, ते फक्त पूल काढतात, शाईने, आणि पट्टी कधीच वापरत नाहीत. रात्रपाळी करणारी एक परिचारिका येते. ती बोलत नाही, हात रेखाटते. कला महाविद्यालयातली मुलं येतात. आणि एक पाट्या रंगवणारे काका येतात, ज्यांचं काम छापील फलकांनी बरंच कमी केलं. या काकांनी एका मुलाला मनगटाखाली टेकूची काठी धरून लांब रेघ एका दमात कशी ओढायची हे दाखवलं, तेव्हा मी गल्ला सोडून बघत उभी राहिले होते. त्या मुलाला हे कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. काकांनाही आपल्याजवळ शिकवण्यासारखं काही उरलंय हे त्या दिवशी कळलं असावं. ते आता दर आठवड्याला येतात, आणि येताना इस्त्रीचा सदरा घालून येतात.

एकदा एक बाई नवऱ्याची जलरंगांची जुनी पेटी घेऊन आल्या. नवरा गेलेला. वड्या सुकून, तडकून गेल्या होत्या, आणि ही पेटी टाकून द्यावी का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. जलरंगाची बांधणी डिंकाची असते आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वडी कितीही जुनी असली तरी बहुधा जागी होते. (ॲक्रिलिकचं तसं नाही. ते एकदा वाळलं की प्लास्टिकचा थर, पाण्याला दाद देत नाही.) प्रत्येक वडीवर पाण्याचा एकेक थेंब टाकून आम्ही वाट पाहिली आणि मग एकेक रंग कागदावर ओढला. सगळे चालू होते. बाईंनी तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी काहीच विकत घेतलं नाही. आता त्या संध्याकाळच्या मंडळींत असतात आणि ती पेटी वापरतात.

मंडळींनीच खिडकीत एक काम चालवलं आहे. वेगवेगळ्या रंगांचे पट्टे एका जाड कागदावर ओढून अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि तो उन्हात टांगला. काही महिन्यांनी झाकण काढलं तर अल्ट्रामरीन आणि मातीचे रंग दोन्हीकडे सारखेच. अलिझरिन क्रिमझन मात्र उघड्या बाजूला पार फिका पडलेला. हा रंग १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवला. त्याआधी तो मंजिष्ठाच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांतून काढत. सुंदर आहे, पण उन्हात टिकत नाही. ही गोष्ट पुस्तकात असतेच. पण ज्या मुलीने आपल्या मैत्रिणीचं व्यक्तिचित्र त्याच रंगात केलं होतं, तिने खिडकीतला पट्टा बघितला आणि दुसऱ्या दिवशी येऊन उन्हात टिकणाऱ्या क्विनॅक्रिडोन लालाची ट्यूब नेली. तो पट्टा मी काढलेला नाही.

बाबा, तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे, ते धंद्याच्या धोक्याबद्दल. पॅरिसमध्ये ज्युलियाँ टांगी नावाचा एक रंगविक्रेता होता. तेव्हा नवनवे चित्रकार रंग घ्यायला त्याच्याकडे येत, आणि पैसे नसले की तो बदल्यात चित्रं ठेवून घेई. सेझानची चित्रं बघायची तर बरीच वर्षं त्याच्याच दुकानात जावं लागे. व्हॅन गॉगने त्याची व्यक्तिचित्रं काढली, त्यातलं १८८७ सालचं जगभर ओळखलं जातं. तुम्ही लगेच विचाराल, पुढे काय झालं? तो १८९४ साली गेला, गरिबीतच, आणि त्याच्या बायकोच्या मदतीसाठी चित्रकारांच्या देणगीतल्या चित्रांचा लिलाव करावा लागला. ही तुमची भीती आहे, मला माहीत आहे. माणूस प्रेमाचा, पण उधारीने बुडालेला.

पण त्याच १८८७ साली, त्याच शहरात, गुस्ताव सेनेलिए या रसायनाच्या जाणकाराने नदीकाठी रंगाचं दुकान उघडलं, आणि ते आजही चालू आहे. त्याच दुकानात १९४९ साली चित्रकार आंरी गेट्झ आले आणि आपल्या मित्रासाठी, पिकासोसाठी, कुठल्याही पृष्ठभागावर चालेल असं काहीतरी मागितलं. तैल पेस्टल आधीपासून होते, पण त्यातून खास चित्रकारांसाठीचे, वरच्या दर्जाचे तैल पेस्टल तयार झाले. गिऱ्हाइकाने एक गरज बोलून दाखवली, दुकानाने ती मनावर घेतली, आणि चित्रकारांच्या हाती एक नवं साधन आलं. दोन्ही माणसं आपापल्या गिऱ्हाइकांवर जीव टाकणारी होती. माझा कल दुसऱ्याकडे आहे. मी उधार देत नाही, ठाम नाही देत, ओळखीच्यालाही नाही. पण टेबल, वेळ, कागदाचे तुकडे आणि मला येतं ते सगळं देते. त्या देण्याने दुकान बुडत नाही, कारण जो माणूस तासभर टेबलापाशी थांबतो तो बहुतेक वेळा काहीतरी घेऊनच बाहेर पडतो, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्याला घेऊन परत येतो.

तुमचं एक मी मान्य करते. जागा खरंच कमी पडते आहे. म्हणून मांडणी वाढवण्याऐवजी मी मालच कमी करते आहे. ॲक्रिलिकच्या दोन मालिका जवळजवळ सारख्याच आहेत, त्यातली एक बंद करणार. चौकटींचा साठा निम्मा करणार, कारण त्या जागा खातात आणि लोक मापाच्या बनवून घेतात. सोबत गेल्या हंगामाच्या खरेदीची वही पाठवते आहे. तुम्ही आयुष्यभर आकडे बघितले आहेत. तिसऱ्या रकान्यात जे पडून आहे त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करा. कोबाल्ट व्हायोलेटवर केलीत तरी मी ऐकणार नाही, एवढं आधीच सांगते. आगीबद्दल विचारत होतात: अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गुंडाळून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात, हे खरं आहे. म्हणून टेबलाखाली झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात पाणी आहे, आणि चिंधी तिथेच टाकायची हा नियम कुणीही मोडत नाही.

आई, आता तुझं. “या वयात काय शिकायचं” असं तू म्हणालीस आणि लगेच “कुठला कागद घेऊ” असंही विचारलंस. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पार्सलमध्ये तीनशे जीएसएमचा कोल्ड प्रेस कागद आहे. तो जाड असल्यामुळे पाण्याने फारसा फुगत नाही, आणि त्याचा पोत मध्यम असल्यामुळे हात थोडा थरथरला तरी रेघ त्यात सामावून जाते. पेन्सिल ६बी दिली आहे. पेन्सिलीचा मऊ-कडकपणा ग्रॅफाइटमध्ये मिसळलेल्या मातीवर ठरतो. माती जास्त तर पेन्सिल कडक. ही युक्ती १७९५ साली फ्रान्समध्ये कोंते याने शोधली, युद्धामुळे इंग्लंडमधून चांगलं ग्रॅफाइट मिळेनासं झालं तेव्हा. तुझ्या बोटांना जोर द्यावा लागू नये म्हणून मऊ निवडली. ब्रशची दांडी जाड आहे, त्यावर कापडाची पट्टी गुंडाळ, पकड सोपी जाईल. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायचा नाही. तू सुईत दोरा ओवताना धरतेस, ती सवय मला माहीत आहे. रंग तीनच आहेत: एक निळा, एक पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल. हिरवा, जांभळा, तपकिरी तुझे तू कर. काळा मुद्दाम दिलेला नाही.

पहिले काही दिवस चित्र काढू नकोस. एका कागदावर चौकोन आख आणि दोन-दोन रंग मिसळून भरत जा, कमी पाणी, जास्त पाणी. खाली पेन्सिलीने लिहून ठेव कशात काय मिसळलं. तो कागद फोटोवर पाठवू नकोस, टपालाने पाठव. फोटोत रंग खरा येत नाही. बाबांना वहीबरोबर एकाच पाकिटात घालायला सांग, वेगळं टपाल नको.

तब्येतीला जपा दोघंही.

तुमची,
लेक