पॅच टेस्टचा हिशेब बसवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

मी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या गवंड्यांच्या तळहातांना अशा भेगा असतात की जेवताना भाजीचं तिखट झोंबतं. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची मलमं त्यांनी वर्षानुवर्षं चोळलेली असतात. त्रास सिमेंटमधल्या क्रोमेटचा (क्रोमियमच्या क्षाराचा), हातमोज्यांच्या रबराचा की मलमातल्याच निओमायसिन या अँटिबायोटिकचा, हे नुसतं बघून ठरत नाही. 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं गाजरगवत आता बांधाबांधावर आहे. शेतकऱ्याचा चेहरा त्यानंच काळवंडला का, हेही पॅच टेस्टनंच कळतं.

पाठीवर अ‍ॅलर्जनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जी आणू शकणाऱ्या पदार्थांच्या, छोट्या चकत्या चिकटवायच्या, 48 तासांनी काढून त्वचेवर प्रतिक्रिया उमटली का ते बघायचं, 96 तासांनी पुन्हा बघायचं. मोठं यंत्र लागत नाही. तरी लहान शहरांत ही तपासणी क्वचितच होते, कारण ती परवडत नाही. अ‍ॅलर्जनच्या सिरिंजा फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात आणि त्यांना मुदत असते. एका संचात अनेक रुग्ण होतात, पण एखाद-दुसराच आला तर उरलेलं फेकावं लागतं. रुग्णाची तीन हेलपाट्यांत मजुरी बुडते. सापडलेला पदार्थ कशाकशात असतो, हे समजावून सांगायच्या वेळेचे पैसे तर कुणी धरतच नाही. महात्मा फुले योजनेचा भर दाखल रुग्णांवर. या माणसाला दाखल करावंच लागत नाही.

म्हणून जिल्हा रुग्णालयात सगळ्यांसाठी एकच वार ठरवा: सोमवारी चिकटवायचं, बुधवारी काढायचं, शुक्रवारी शेवटचं वाचन, म्हणजे प्रतिक्रिया पाहून निदान. आम्ही खासगी डॉक्टरही आपले रुग्ण त्याच सोमवारी पाठवू, म्हणजे संच वाया जाणार नाही. (मे महिना सोडा, घामानं पट्ट्या सुटतात.) तिन्ही भेटींचा मिळून एकच दर ठरवा आणि त्यात समुपदेशन धरा. बांधकाम कामगारांचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्यांच्या कल्याणकारी मंडळानं द्यावी. बांधकाम खर्चावरचा उपकर त्यांच्यासाठीच गोळा होतो. त्यासाठी कामगारमंत्र्यांशी आपणच बोलावं.

युरोपीय संघात सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमेटवर 2005 पासून 2 पीपीएमची (दहा लाख भागांत दोन भागांची) मर्यादा आहे. आपल्याकडे असा आग्रह धरायचा, तर किती गवंड्यांना ही अ‍ॅलर्जी आहे त्याच्या नोंदी हव्यात, आणि त्या अशा केंद्रांतूनच मिळतील.

एका जिल्ह्यात सहा महिने सुरू करा. वाचन शिकवायला मी दर शुक्रवारी विनामोबदला येईन.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ