बाटलीमागची बारीक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'नैसर्गिकरीत्या' कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या कॅप्सूलची पानभर जाहिरात आली, की माझ्या औषधाच्या दुकानात त्याचे पडसाद उमटतात. दरमहा ॲटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी नेणारी दोन-चार गिऱ्हाइके फिरकत नाहीत. परवा एक निवृत्त गुरुजी रस्त्यात भेटले. "सर, या महिन्यात गोळ्या नेल्या नाहीत?" तर म्हणाले, "ॲलोपॅथी बंद. आता व्हिटॅमिनवर आलोय." पिशवीतली बाटली दाखवली. गोळ्यांच्या कितीतरी पट महाग!

बाटलीत मुख्य घटक होता नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व. त्याने कोलेस्टेरॉल उतरते हे 1955 पासून माहीत आहे, त्यामुळे जाहिरात धादांत खोटी म्हणता येत नाही. पण शरीराची रोजची गरज 15 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कोलेस्टेरॉलसाठी लागतात दीड-दोन हजार. एवढ्या मात्रेत ते औषधच झाले. चेहरा लालबुंद होणे, यकृताला त्रास, साखर वाढणे हे ओघाने आलेच. स्टॅटिनच्या (म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांच्या) जोडीला ते 25 हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. 2014 साली निकाल छापून आला: हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, मधुमेहाचे रुग्ण मात्र वाढले.

लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल यांचीही 2022 मध्ये अमेरिकेत तुलना झाली. अवघ्या 5 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनने 28 दिवसांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 38 टक्क्यांनी उतरले. बाकी सगळे नुसत्या पिठाच्या गोळीच्या पंगतीत. लसणाच्या गटात तर ते थोडे वाढलेच! (फोडणीत लसूण जरूर घाला, तो भाग वेगळा.)

स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, साखरही किंचित वाढू शकते. पण तेव्हा डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळी बदलतात, रक्त तपासतात. कॅप्सूलवाल्याकडे यातले काय आहे? शिवाय अटॅक येऊन गेलेल्या माणसाने गोळी परस्पर सोडणे म्हणजे जिवाशी खेळच.

अशा पूरक उत्पादनांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. गुरुजींच्या बाटलीवरही ती ओळ होती, पण मला ती वाचायला चष्मा पुसावा लागला. आपण जाहिरात घेताना हीच ओळ मथळ्याएवढ्या ठळक अक्षरांत, मराठीत छापण्याची अट जाहिरातदाराला घालावी, ही विनंती.

— एक औषधविक्रेता, सातारा