डाइव्ह अर्ध्यावर असताना बंद पडलेले ॲप, खाऱ्या पाण्यात गेलेला फोन आणि फेटाळलेला दावा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
फोन हाउसिंग विभाग

विषय : स्कूबा डायव्हिंगच्या फोन हाउसिंगमध्ये (फोन पाण्याखाली नेण्याच्या बंद पेटीत) गळती होऊन फोन निकामी झाल्याबाबत आणि वॉरंटीचा दावा चुकीच्या आधारावर फेटाळल्याबाबत

महोदय/महोदया,

माझा दावा तुम्ही एका वाक्यात निकाली काढला आहे. ‘ॲपच्या नोंदीत गळतीचा इशारा नाही, म्हणून पाणी डाइव्हनंतर हाउसिंग उघडताना शिरले असावे.’ हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. ज्या नोंदीवर तो उभा आहे ती नोंद १९व्या मिनिटाला थांबते. माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरप्रमाणे (खोली आणि वेळ नोंदवणारे उपकरण) त्या वेळी मी १६ मीटरवर होते आणि पाण्याबाहेर आले ४४व्या मिनिटाला. मधल्या २५ मिनिटांत फोनवरचे तुमचे ॲप चालूच नव्हते. त्याने इशारा दिला नाही, कारण इशारा देण्याच्या स्थितीतच ते नव्हते.

घडले ते असे. डाइव्हच्या आधी तुमच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी मुख्य ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे) आणि तिची खाच पुसली, तुम्हीच दिलेले ग्रीस बोटाने पातळ लावले, हाउसिंग बंद केले आणि हातपंपाने आतली हवा ओढून घेतली. ॲपवर हिरवी खूण आली. पुस्तिकेत सांगितला आहे तेवढा वेळ थांबले, आतला दाब जराही हलला नाही. माझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, शेजारीच होता, त्यानेही ते पाहिले. मग पाण्यात उतरलो. १६ मीटरवर मी व्हिडिओ घेत असताना स्क्रीनवर फोन तापल्याची सूचना आली, ॲप बंद झाले आणि फोनचा साधा होम स्क्रीन समोर आला.

इथून पुढे ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही, आणि माझी खरी तक्रार याच जागेची आहे. हाउसिंगच्या काचेआडून टचस्क्रीन चालत नाही. बाहेरची बटणे ब्लूटूथने ॲपशी बोलतात, फोनशी नाही. ॲप बंद झाले की बटणेही मुकी होतात. पाण्याखाली ते पुन्हा उघडायचा कोणताही मार्ग तुम्ही ठेवलेला नाही. फोटो थांबले याचे दुःख मी गिळले असते. पण गळतीवर लक्ष ठेवण्याचे कामही तेच ॲप करते, फोनच्या आत असलेल्या बॅरोमीटरवरून, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून. हाउसिंगमध्ये गळतीसाठी स्वतंत्र सेन्सर नाही, त्यासाठी वेगळी बॅटरी नाही, साधा लाल दिवासुद्धा नाही. ज्या फोनला वाचवायचे, त्याच फोनवर पहारा सोपवलेला आहे. तो तापून झोपला की पहाराही संपला. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘४० मीटर. सतत गळती-संरक्षण.’

फोन तापणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बंद प्लास्टिकच्या पेटीत हवा खेळत नाही, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवावी लागते कारण नाहीतर पाण्याखाली ती नीट दिसत नाही, आणि वर ४के व्हिडिओ. बाहेरचे पाणी गार असले तरी जाड प्लास्टिकमधून आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल असे मी मानू शकत नाही, कारण पुस्तिकेत तुम्हीच आतल्या काचेवर धुके धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी ठेवायला सांगता. धुक्याचा विचार झाला, मग उष्णतेने ॲप बंद पडल्यावर डायव्हरला काय कळेल याचा का झाला नाही?

इशारा वेळेवर मिळणे ही चैन नाही. डायव्हर घाईने वर येऊ शकत नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, ५ मीटरवर ३ मिनिटे सेफ्टी स्टॉप (सुरक्षिततेसाठी थांबा) घ्यायचा, हे आम्ही पहिल्या कोर्सपासून शिकतो. म्हणजे १६ मीटरवरून नीट वर यायला साधारण ५ मिनिटे लागतात. पहिल्या थेंबाला इशारा मिळाला असता तर त्या ५ मिनिटांत फोन बहुधा वाचला असता. शिवाय आत लिथियम-आयन बॅटरी आहे. खारे पाणी शिरलेली अशी बॅटरी घेऊन बोटीवर चढणे हा बोटीवरच्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता तुमच्या दुसऱ्या पत्राबद्दल. दावा आधीच फेटाळून झाल्यावर तुम्ही लिहिता की मुख्य ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण असावा. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी कशी असतील? पाणी पृष्ठभागावर शिरले की खाली? मी पाठवलेले फोटो कृपया पुन्हा पाहा. मुख्य ओ-रिंगची खाच कोरडी आहे. मिठाचे कण आहेत ते हाउसिंगच्या भिंतीतून आत जाणाऱ्या झूमच्या बटणाच्या दांड्याभोवती, आतल्या बाजूला, आणि तिथूनच खाली ओघळ गेला आहे. मुख्य ओ-रिंगला खोलवर पाण्याचा दाब उलट घट्ट बसवतो. केस किंवा वाळू अडकलेली असेल तर ती बहुतेक वेळा वरच्या उथळ पाण्यातच बोलते. बटणाच्या दांड्याचे तसे नाही. दाबाखाली तो पुन्हा पुन्हा आतबाहेर होतो आणि त्याच्या छोट्या ओ-रिंगवर दर वेळी घर्षण होते.

म्हणूनच पंपाच्या चाचणीचा अर्थही स्पष्ट लिहायला हवा. हातपंपाने आतबाहेरच्या दाबात जो फरक पडतो तो कितीही केला तरी एका वातावरणाच्या, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या, आतच राहतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण वाढते, म्हणजे १६ मीटरवर हा फरक दीडपटीहून जास्त आणि ४० मीटरवर चौपट. हिरवी खूण एवढेच सांगते की बोटीवर, कोणतेही बटण न दाबता, सील धरून आहे. तुमचे ॲप त्या खुणेखाली ‘डाइव्हसाठी सुरक्षित’ असे लिहिते. माझा थेट प्रश्न आहे : ४० मीटरचा आकडा ज्या चाचणीतून आला, त्यात दाबाखाली बटणे दाबली होती का? किती वेळा? की हाउसिंग टाकीत नुसते ठेवले होते? याचे उत्तर मला लेखी हवे.

तुमच्या प्रतिनिधीने मला असेही ऐकवले की माझा फोन आयपी६८ (पाणी आणि धूळरोधाचे मानांकन) आहे, त्याला एवढ्या पाण्याने काही व्हायला नको होते. गोड्या, स्थिर पाण्यात, निर्माता सांगेल तेवढ्या खोलीवर आणि तेवढ्या वेळेपुरते ते मानांकन असते. खाऱ्या पाण्याबद्दल ते काहीच सांगत नाही. ते पुरेसे असते तर हाउसिंग विकत घेण्याची गरजच काय होती?

सगळ्यात जास्त चीड मला पुढच्या गोष्टीची आली. बोटीवर हाउसिंग उघडले तेव्हा फोन ओला होता पण चालू होता. मी तो बंद करून गोड्या पाण्याने धुणार होते. बडीच्या फोनवरून तुमच्या मदत क्रमांकाला विचारले, तर उत्तर मिळाले की फोन बंद करू नका, नोंदीची फाइल पाठवा, नाहीतर दावा विचारात घेतला जाणार नाही. खारे पाणी विजेचे वाहक असते. चालू फोनमध्ये ते असले की धातूचे जोड झपाट्याने गंजतात. फाइल जाईपर्यंत फोन तसाच चालू राहिला. संध्याकाळी चार्जिंगच्या खाचेत हिरवट थर दिसू लागला आणि त्यानंतर फोन कधीच उठला नाही. वाचू शकणारा फोन तुमच्या सूचनेमुळे गेला. आणि ज्या फाइलसाठी तो गेला, तीच तुम्ही माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता!

मी कंपनीची शत्रू नाही. मोठा कॅमेरा, त्याची जड पेटी, त्याचे हात आणि दिवे सांभाळणे नवख्या डायव्हरला झेपत नाही. त्याच्या खिशातलाच फोन पाण्याखाली नेता यावा ही कल्पना मला मनापासून आवडते. एकाच प्रवाळाचे मी ऋतूनुसार फोटो घेते, तो पांढरा पडतोय की सावरतोय हे पाहण्यासाठी, आणि त्यासाठी फोन पुरतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जातो, तिथे तुमच्या लाल फिल्टरने जमेल तेवढे चांगले काम केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या वेळचे फोटो मात्र फोनबरोबर गेले, आणि तो ऋतू परत घेता येणार नाही.

माझी मागणी अशी आहे. हाउसिंगची पूर्ण किंमत परत करावी आणि माझे मॉडेल तुमच्याच सुसंगत फोनच्या यादीत असल्याने फोनची भरपाई द्यावी. नोंद १९व्या मिनिटाला थांबल्याचे लेखी मान्य करावे. हाउसिंगमध्ये फोनवर न विसंबणारा गळतीचा सेन्सर आणि दिवा बसेपर्यंत ‘सतत गळती-संरक्षण’ हे शब्द खोक्यावरून काढावेत, आणि ज्यांनी हे हाउसिंग आधीच घेतले आहे त्यांना ॲप बंद पडल्यास इशारा मिळणार नाही हे कळवावे. मदत क्रमांकावरच्या लोकांना तर आजच सांगावे की खाऱ्या पाण्याने भिजलेला फोन आधी बंद करायला सांगायचा, फाइल नंतर.

डाइव्ह कॉम्प्युटरची नोंद, हाउसिंगचे फोटो आणि बडीचे सही केलेले निवेदन सोबत जोडले आहे. हाउसिंग मी न धुता जपून ठेवले आहे. तपासणी कोण करणार आणि कशी, हे लेखी कळवल्यानंतरच ते पाठवीन, आणि बटणाचा दांडा माझ्यासमोर किंवा चित्रीकरण करून उघडला जावा अशी माझी अट आहे. १५ दिवसांत उत्तराची वाट पाहते. त्यानंतर हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार निवारणाकडे जातील.

आपली विश्वासू,
एक स्कूबा डायव्हर आणि तुमची ग्राहक