मोरचूद, कॅव्हन्साइट आणि आमचे सर : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार फोनवर मानून झाले, तरी समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही आमच्या आठवीच्या मुलांसाठी काय केलंत ते विज्ञान शिकवणाऱ्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलांचा प्रश्न साधा होता. द्राक्षबागेच्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी घरी आणलेलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, गरम पाण्यात विरघळवून त्यांनी निळेशार, धारदार कडांचे स्फटिक वाढवले होते. घनरूप, ठरावीक रासायनिक संघटन, अणूंची शिस्तशीर मांडणी हे सगळं त्यात आहे. मग हे खनिज का नाही? निसर्गात तयार झालं नाही म्हणून, हे एका वाक्याचं उत्तर पुस्तकात होतंच. मुलांना ते पटत नव्हतं, आणि पटलं नाही हे त्यांनी बोलून दाखवलं याचा मला आनंद आहे.

तुम्ही निवृत्त असूनही भर उन्हात एसटीने आलात. पिशवीतून पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतला कॅव्हन्साइट, म्हणजे निसर्गात तयार झालेलं एक निळं खनिज, काढून मोरचुदाशेजारी ठेवलात आणि भिंग मुलांच्या हातात दिलंत. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेला प्रत्येक निळा गोळा म्हणजे मधून चहूकडे फुटलेल्या बारीक सुयांचा झुबका आहे, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधलं. त्यानंतर तुम्ही एवढंच विचारलंत, "हा इथवर आला कसा?"

त्या प्रश्नाने तास रंगला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी मागे सोडलेल्या पोकळ्या, नंतर त्यांत झिरपलेलं खनिजयुक्त गरम पाणी, आणि त्यातून हळूहळू साकळलेलं कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं आणि 1973 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पण त्याचे सर्वांत देखणे नमुने आपल्या पुण्याशेजारचे, हे ऐकून पोरांची मान ताठ झाली.

मोरचुदाची बाजूही तुम्ही सोडली नाहीत, याचं मला विशेष वाटतं. तोच पदार्थ, तीच मांडणी, चिलीच्या कोरड्या वाळवंटात तांब्याच्या खनिजांची झीज होऊन आपोआप तयार होतो. तिथे तो चॅल्कॅन्थाइट नावाचं रीतसर खनिज असतो. पाण्यात सहज विरघळतो, म्हणून पावसाच्या मुलखात टिकत नाही. म्हणजे आमच्या बरणीतल्या स्फटिकात कमी काहीच नव्हतं. त्यामागे भूगर्भातली किंवा भूपृष्ठावरची घडामोड नव्हती, इतकंच. हिमालयातला बर्फ खनिज, फ्रिजमधला नाही. मुतखड्यातलं कॅल्शियम ऑक्झलेट खनिजांत धरत नाहीत, पण तेच कोळशाच्या थरात सापडलं की व्हेवेलाइट म्हणून धरतात. पारा द्रव असूनही जुन्या परंपरेने यादीत आहे.

सर, इथे थांबला असतात तरी चाललं असतं. पण नियम माणसांनी विचार करून ठरवलेले असतात, हेही तुम्ही मुलांना दाखवलंत. ग्रीसमध्ये लॉरिऑनजवळ प्राचीन काळी चांदी गाळून उरलेली धातुमळी समुद्रात पडली आणि खाऱ्या पाण्याने तिच्यात नवे स्फटिक घडवले. मळी माणसाची, पाणी निसर्गाचं. पूर्वी त्यातले काही पदार्थ खनिज म्हणून स्वीकारले गेले. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने व्याख्या स्पष्ट केल्यानंतर अशांना दार बंद झालं. त्यावर वर्गात जो वाद झाला, तसा वाद मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. घंटा झाली तरी तुम्ही बसून राहिलात आणि एकालाही गप्प केलं नाहीत.

तो कॅव्हन्साइट तुम्ही शाळेलाच दिलात. एवढा सुंदर नमुना देऊन टाकणं सोपं नसतं, हे मला कळतं. आता प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर मुलं नावाखाली "कुठे आणि कसा तयार झाला" अशी ओळ लिहितात. जूनमध्ये नवी आठवी येईल. तब्येत सांभाळून जमलं तर पुन्हा या. या वेळी बसस्टँडवर घ्यायला आम्ही येऊ.

मनापासून आभार.

आपली नम्र,
आठवीची विज्ञान शिक्षिका