यंदा गणपतीला मी गावी येत नाही

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले असते तर आईचा आवाज दुसऱ्याच वाक्याला भरून आला असता आणि मी "बरं, येते" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहिते आहे. यंदा गणपतीला मी गावी येणार नाही. रजा मिळत नाही असे सांगता आले असते, पण तुमच्याशी खोटे बोलायचे नाही असे ठरवले आहे.

गेले आठ महिने दर गुरुवारी मी ठाण्यात एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जाते. बाबा, घाबरू नका. झोप, जेवण, नोकरी सारे व्यवस्थित आहे. फक्त घरातले कोणी ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे उशिरा आले की माझे हात गार पडतात आणि तोवर माझे पाच-सहा फोन करून झालेले असतात. तुमची नात एकदा चिडून म्हणाली, "आई, मी क्लासला गेले होते, तुला टाकून नव्हते गेले." त्यानंतरच्या आठवड्यात मी बाईंची वेळ घेतली.

तिथे जे चालते त्याला इनर चाइल्ड थेरपी म्हणतात. एरिक बर्न नावाच्या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी साठेक वर्षांपूर्वी मांडले होते, की माणूस कितीही मोठा झाला तरी त्याच्या आत एक पालक, एक प्रौढ आणि एक लहान मूल नांदत असते. त्या मुलाला जे तेव्हा कोणी सांगितले नाही, ते आता स्वतःच सांगायचे, असा हा उपचार. ऐकायला पोरकट वाटते, आणि पहिला महिनाभर मलाही तसेच वाटले. मग बाईंनी लहानपणीचा फोटो मागितला. मी लालबागच्या स्टुडिओतला, दोन वेण्यांचा, तोच नेला. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून त्या मुलीच्या वतीने डाव्या हाताने लिहा, असे त्या म्हणाल्या. डाव्या हाताने अक्षर पहिलीतल्यासारखे येते आणि शब्द तोलून-मापून लिहायला जमत नाही. कागदावर उतरले ते एवढेच : "आई विहिरीवर गेली. कळशी इथेच आहे."

आई, तू हे वाचून लगेच देवाजवळ जाऊन बसू नकोस, आधी पुढचे वाच.

18 जानेवारी 1982 नंतर आपल्या घरात काय झाले हे मी बाबांना सांगायला नको. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तुझे खानावळीचे डबे एकेक करून सुटले, आणि चाळीतली किती तरी पोरे त्या मे महिन्यात कोकणात गेली ती शाळा उघडली तरी परतली नाहीत. मी त्यांतली एक. काकीने मला कधी उपाशी ठेवले नाही, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मला पाठवल्याचाही राग नाही; तुमच्या जागी मी असते तर हेच केले असते. न सांगता गेलीस, एवढेच आत कुठेतरी राहिले. "सांगितले असते तर पोर एसटीमागे धावली असती," असे तू आजीला म्हणाली होतीस. खरे आहे, धावले असते.

लंडनचे एक बालरोगतज्ज्ञ होते, विनिकॉट. त्यांचे म्हणणे असे, की मुलाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते. बाईंनी हे सांगितले तेव्हा मला तू गावाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती धाडलेले चुरमुऱ्याचे लाडू आठवले, वर्तमानपत्राला चिकटलेले. कागदासकट खायचे मी.

दरवर्षी गौरी-गणपतीचे विसर्जन करून निघताना त्या अंगणात मला कणकण येते आणि आपण ती दगदगीवर ढकलतो. यंदा तिथे आरतीच्या गर्दीत हसून वावरण्याचे बळ माझ्यात नाही. बाईंनी मनाई केलेली नाही, निर्णय माझा आहे. डिसेंबरमध्ये घर रिकामे असताना मी आणि आई, दोघीच जाऊ. तेव्हा त्या दिवसाबद्दल तुला जे आठवते ते मला सांग. रडलीस तरी चालेल.

आता कामाचे. तुतारी एक्स्प्रेसची दोन्ही खालची बर्थ मिळाली आहेत, ठाण्याहून बसायचे. गाडी मध्यरात्रीनंतरची आहे, त्यामुळे तिकिटावरची तारीख नीट पाहा; मागच्या खेपेसारखे एक दिवस उशिरा स्टेशनवर जाऊ नका. डोंबिवलीहून गाडी करून दिली आहे आणि कणकवलीला रिक्षावाला नावाची पाटी घेऊन उभा राहील, त्याच्याशी भाड्यावरून वाद घालू नका, पैसे दिलेले आहेत. बाबांचे इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवायचे, फ्रीजरमध्ये नाही. मोदक दोन, आणि काकीने आग्रह केला तरी दोनच. आईने गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय विसर्जनाला नदीवर उतरायचे नाही. काकीला माझी तब्येत बरी नाही असे सांगितलेत तरी मला वाईट वाटणार नाही.

आणि परत निघताना अंगणातूनच मला फोन कर, आई. "बाय, आम्ही निघतो," एवढे म्हण आणि मग रिक्षात बस.

तुमची,
बाय