मुदत

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता एसटी पकडलीस, तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. "मी कोण आहे हेच मला कळत नाही," म्हणालीस, आणि मी तिसऱ्या वर्षाच्या फीचा विषय काढला. तसं बोलायला नको होतं.

मावशीच्या बी.एड.च्या पुस्तकात 'मी कोण' याच प्रश्नावर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन वाचला. १९०२ चा जन्म, जर्मनीतला. जन्मदाता बाप कोण, ते त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडील डॉक्टर, यानेही डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. हा चित्रं काढत युरोपभर भटकला. १९३९ साली अमेरिकेचा नागरिक होताना त्याने आडनावच नवं घेतलं. तरुणपणी ठाम काही न ठरवता चाचपडायला मिळणाऱ्या काळाला त्याने मोरॅटोरियम म्हटलंय. हा तर आमच्या बँकेतला शब्द! २०२० साली कर्जाचे हप्ते थांबले, तेव्हा माणसं काउंटरवर विचारायची, "भाऊ, मुदत कधीपर्यंत?" मुक्ता, तुझी कधीपर्यंत? हप्ता थांबला तरी व्याज चढतच असतं गं.

बघ, परत तेच. माफ कर.

पुढे त्याच प्रश्नावर जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाचं आहे. १९६६ साली त्याने कॉलेजातल्या मुलांना काम, धर्म, राजकारण यांबद्दल विचारून चार गट पाडले. शोधून ठरवलेले, अजून शोधणारे, दोन्ही न केलेले, आणि घरच्यांनी ठरवलेलं तसंच उचललेले. शेवटच्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. अण्णांनी बँकेत चिकटवलं तेव्हा मी बावीसचा, विट्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. 'श्री'ची वेलांटी हात न उचलता एका दमात यायची. खारीच्या केसांचा तो ब्रश घेऊन तू माजघराच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं होतंस, 'मु'चा उकार उलटा. दोनदा घर रंगवलं, तेवढा तुकडा मी सोडायला लावला. माधवकाका आला की अजून दाखवतो.

नंतरच्या अभ्यासात असंही दिसलं म्हणे, की एकदा ठरवलेली माणसंही पुढे पुन्हा शोधायला लागतात. म्हणजे हे संपतच नाही? मला त्याचीच भीती वाटते. तू एकटी, पुण्यात, आणि किती दिवस...

वर्षभर कॉलेज थांबवायचं असेल तर अर्ज आण, मी सही करतो. फीचे पैसे वेगळे ठेवलेत, दुसरं काही शिकायचं ठरलं तर त्याला वापरू. मावशी शुक्रवारी येतेय, तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवतोय. पोचली की आईला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा