उद्घाटनाचे फोटो छापता, मग पाडकामाचं काय?

संपादक महोदय,

वर्षभरात जगात कायकाय बांधलं गेलं यावरचा तुमचा लेख आवडीने वाचला, फोटो तर मस्तच आहेत, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितेय. सगळी नुसती उद्घाटनंच. काय पाडलं आणि का पाडलं यावर एक ओळसुद्धा नाही.

१९७२ सालच बघा ना. म्युनिक ऑलिम्पिकचं ते तंबूसारखं पारदर्शक छत त्याच वर्षीचं. अमेरिकेत फोर्ट वर्थला आर्किटेक्ट लुई कानचं किंबेल म्युझियम पण तेव्हाच उघडलं, कमानींच्या माथ्यावर लांब फट ठेवून तिथून येणारा उजेड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून परत काँक्रीटवर सोडलाय, आणि ते राखाडी काँक्रीट चांदीसारखं दिसतं! पण मला विचाराल तर त्या वर्षातली सगळ्यात मोठी घटना १६ मार्चची. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीतली पहिली बिल्डिंग त्या दिवशी स्फोटकं लावून पाडली. अकरा मजल्यांच्या ३३ बिल्डिंगी, बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, आणि १९७६ पर्यंत सगळ्या गेल्या.

लोक म्हणतात डिझाइन फसलं. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईने उरलेले जिने चढायचे, हे चुकलंच, त्यात वाद नाही. पण आर्किटेक्ट मिनोरू यामासाकीला बैठी घरं आणि उंच बिल्डिंगी अशी मिसळ हवी होती, ती खर्चापायी कापली गेली, देखभालीचा पैसा भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा ठरलं, आणि इकडे शहराची लोकसंख्याच घटत चालली, भाडेकरू कमी झाले, मग पाइप फुटले तरी दुरुस्तीला पैसा कुठून येणार? त्यात राहणाऱ्यांचा काय दोष होता सांगा. याच यामासाकीचं न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर पुढच्याच वर्षी थाटात सुरू झालं.

आणि त्याच १९७२ मध्ये टोकियोत आर्किटेक्ट किशो कुरोकावाचा नाकागिन कॅप्सूल टॉवर उभा राहिला. १४० छोट्या खोल्या, प्रत्येक खोली चार बोल्टवर खांबाला लटकवलेली, २५ वर्षांनी जुनी काढायची नवी लावायची अशी कल्पना. कल्पना अजूनही भारी वाटते मला. पण एकही खोली कधी बदलली गेली नाही, कारण प्रत्येक खोलीचा मालक वेगळा, सगळ्यांचं एकमत होणं अवघड, शिवाय खालची काढायची तर आधी वरच्या उतरवाव्या लागणार. २०१० मध्ये गरम पाणी बंद झालं, २०२२ मध्ये टॉवर पाडला.

हे सगळं उद्घाटनाच्या दिवशी फोटोत दिसत नाही हो. म्हणून विनंती आहे, पुढच्या वर्षी असा लेख कराल तेव्हा नवीन बिल्डिंगच्या शेजारी त्याच आर्किटेक्टची वीस-तीस वर्षं जुनी बिल्डिंग आज कशी आहे त्याचा पण फोटो छापा, आणि तिथली लिफ्ट बंद पडली की पैसे कोण भरतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारून लिहा.

आपली एक नियमित वाचक